हरलेले परत मिळवण्याचा आजार : प्रस्तावना

मराठी समाजात जुगाराविषयी आजवर प्रामुख्याने तीन ठिकाणी बोलले गेले आहे : कीर्तनात आणि रंगभूमीवर नीतीचा प्रश्न म्हणून, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात गुन्ह्याचा प्रश्न म्हणून, आणि घरोघरी, दार लावून घेऊन, कर्जाचा प्रश्न म्हणून. या तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु खेळणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत खेळ थांबवण्याची क्षमताच क्षीण झालेली असते आणि वैद्यकशास्त्राने ही स्थिती आता आजार म्हणून मान्य केली आहे, ही गोष्ट तिन्हींतून सुटते. घरच्यांना हा आजार बहुधा तेव्हा कळतो जेव्हा सावकाराचा माणूस दारात येतो, कपाटातले दागिने जागेवर सापडत नाहीत किंवा कर्जवसुलीचे फोन नातेवाइकांकडे जाऊ लागतात. तोवर आजाराची पहिली काही वर्षे उलटून गेलेली असतात, आणि जे हाती लागते तो त्याचा हिशेब असतो, मूळ नव्हे. हिशेब चुकता केला की प्रश्न मिटला अशा समजुतीने घरचे लोक पदरमोड करतात, देणी फिटताच उधारी पुन्हा मिळू लागते, आणि पुढचा डाव मांडला जातो. कर्जावरून आजार ओळखणे म्हणजे तो उशिरा ओळखणे, आणि कर्ज फेडणे हाच उपचार मानणे म्हणजे तो वाढवणे, या निरीक्षणाभोवती प्रस्तुत ग्रंथाची मांडणी उभी आहे.

आरंभीच काही संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. निकाल अनिश्चित असलेल्या घटनेवर, अधिक मिळण्याच्या आशेने, पैसा किंवा मोलाची वस्तू पणाला लावणे म्हणजे जुगार. जुगार खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. अधूनमधून लॉटरीचे तिकीट घेणारा किंवा महालक्ष्मीच्या शर्यतींना ठरवून नेलेले पैसे हरून घरी परतणारा माणूस या ग्रंथाचा विषय नाही. ज्याच्या खेळण्याने त्याच्या प्रकृतीला, संसाराला किंवा कामाला इजा पोहोचू लागली आहे, पण निदानाच्या सर्व कसोट्या अद्याप पूर्ण होत नाहीत, त्याच्या खेळण्याला येथे ‘अपायकारक जुगार’ म्हटले आहे, आणि कसोट्या पूर्ण करणाऱ्या स्थितीला ‘जुगार विकृती’. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली जगभरातील सुमारे ८ कोटी प्रौढ व्यक्ती जुगार विकृतीने किंवा समस्याग्रस्त जुगाराने बाधित असल्याचा अंदाज मांडला. त्यांच्या भोवतीच्या बायकामुलांची, आईवडिलांची आणि जामीन राहिलेल्या मित्रांची गणना त्यात नाही.

भारतीय वाङ्मयात या स्थितीचे वर्णन आश्चर्य वाटावे इतके जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात, जे अक्षसूक्त म्हणून ओळखले जाते, बेहड्याच्या फळांचे फासे खेळणारा एक माणूस स्वतःची अवस्था सांगतो : सासू त्याचा द्वेष करते, पत्नी दूर झाली आहे, आईवडील आणि भाऊ त्याची ओळख नाकारतात, तो कर्जात बुडून रात्री परक्यांच्या घरांकडे वळतो, आणि पुन्हा खेळणार नाही असा निश्चय केल्यावरही फाशांचा आवाज कानी पडताच सभागृहाकडे निघतो. आजच्या मनोविकारतज्ज्ञाची लक्षणसूची या सूक्तापाशी ठेवून पाहिली तर मोडलेला निश्चय, तुटलेली नाती, कर्ज आणि खेळाचा अनावर ओढा या सर्व नोंदी तेथे आधीच झालेल्या दिसतात.

महाभारतातील द्यूताचा विचार मात्र मराठी वाचक बहुधा वस्त्रहरणापाशी थांबवतो, आणि त्यामुळे व्यसनाच्या दृष्टीने अधिक बोलका भाग नजरेआड होतो. पहिल्या डावात सर्वस्व गेल्यावर धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो आणि पांडवांचे राज्य, धन व स्वातंत्र्य परत मिळते; म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर घरातील वडीलधाऱ्याने सगळे कर्ज माफ केले. पांडव वाटेतच असताना दुसरे बोलावणे येते आणि युधिष्ठिर पुन्हा बसतो. वडीलधाऱ्याची आज्ञा मोडता येत नाही हे त्यामागचे कारण ग्रंथ सांगतो, आणि ते बाजूला सारण्याचे कारण नाही. तरीही नुकसानभरपाई झाल्याने खेळ थांबत नाही, ही गोष्ट सभापर्वाइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे मांडली गेली असेल. वनवासात बृहदश्व ऋषी त्याच युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. राज्य हरलेला नल ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय नावाची फाशांची विद्या शिकतो, पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि गेलेले सगळे जिंकून घेतो. कथा म्हणून ती सुंदर आहे, पण व्यसनी माणसाच्या मनात अहोरात्र चालणारी गोष्ट नेमकी हीच असते : आता रीत कळली आहे, एकच डाव मिळाला तर सगळे परत येईल. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक या दोघांहून निराळा. दहा सुवर्णमुद्रांच्या कर्जापायी जुगारअड्ड्याच्या मालकापासून पळणाऱ्या या माणसाची वसंतसेना सुटका करते आणि तो परत अड्ड्यावर न जाता बौद्ध भिक्षू होतो. कर्ज फिटले आणि खेळही सुटला असे उदाहरण साहित्यात सापडते ते असे, जगण्याची सारी घडीच बदलल्यावर.

राज्यसंस्थेची भूमिकाही तेव्हापासून दुहेरी राहिली आहे. मनुस्मृती राजाला द्यूत आपल्या राज्यातून हद्दपार करण्यास सांगते, तर कौटिल्याचे अर्थशास्त्र द्यूताध्यक्ष नेमून खेळ एका ठिकाणी आणते आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच वाटा घेण्याची तरतूद करते. बंदी आणि कर यांच्यामधला हा हेलकावा महाराष्ट्रातही दिसतो. मुंबई जुगार प्रतिबंध कायदा १८८७ चा. राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासूनची. आणि १९७६ साली संमत झालेला कॅसिनोविषयक कायदा कधीही अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्यात मात्र तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि नंतर जहाजांवरील कॅसिनोंना वाट मिळाली, आणि मांडवीच्या पात्रातील ती जहाजे आज पणजीच्या ओळखीचाच भाग होऊन बसली आहेत.

मुंबईची स्वतःची देणगी म्हणजे मटका. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून हा प्रकार निघाला, ते भाव येणे थांबल्यावर १९६० च्या दशकात आकडे मडक्यातून आणि पुढे पत्त्यांच्या गठ्ठ्यातून काढले जाऊ लागले, आणि कल्याणजी भगत व रतन खत्री ही नावे गिरणगावापासून खेड्यांपर्यंत पोहोचली. येथे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. दहा आकड्यांपैकी एक लागण्याची शक्यता असताना सर्वसाधारणपणे नऊपट रक्कम दिली जाते. म्हणजे पुरेसे दिवस खेळल्यास लावलेल्या दर रुपयातील दहा पैसे चालवणाऱ्याकडे राहणार हे आधीच ठरलेले असते. तरीही आकड्यांचे तक्ते ठेवणारे, स्वप्नांवरून ओपन आणि क्लोज काढणारे, कालच्या जोडीवरून उद्याची जोडी सांगणारे लोक गल्लोगल्ली होते आणि आहेत. ज्या घटनेवर आपला काडीचाही ताबा नाही तिच्यावर तो आहे असे वाटणे, याला मानसशास्त्रात ‘नियंत्रणाचा आभास’ म्हणतात. एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये तो प्रयोगांनी दाखवला.

या आभासामुळेच भारतीय न्यायालयांची एक लाडकी विभागणी या ग्रंथाच्या दृष्टीने अपुरी ठरते. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले आणि कौशल्यावर अवलंबून असलेल्या स्पर्धा त्यातून वगळल्या; १९६८ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबाबत तसाच निर्णय आला. कायद्याला अशी रेषा लागते हे खरे. परंतु रमीत कौशल्य आहे म्हणून रमी खेळणाऱ्याचे व्यसन सौम्य होत नाही. उलट, हरण्याचे कारण नशीब नसून आपली चूक आहे अशी खात्री असणारा माणूस ती चूक सुधारण्यासाठी अधिक काळ बसून राहतो. शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार कायद्याने जुगार नाहीत, आणि सगळ्याच व्यवहार करणाऱ्यांना जुगारी म्हणणे अन्यायाचे होईल. पण सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात अशा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात असल्याचे आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे दिसले. एवढा तोटा झाल्यावरही जो थांबू शकत नाही, घरी खोटे सांगतो आणि कर्ज काढून पुन्हा उतरतो, त्याची तपासणी करताना डॉक्टरने कायद्याची रेषा पाहत बसू नये, अशी या ग्रंथाची स्पष्ट भूमिका आहे.

वैद्यकीय विचाराचा इतिहास यामानाने अलीकडचा. फ्रॉइड यांनी १९२८ मध्ये दस्तयेव्हस्कीवरील निबंधात जुगाराचे मूळ अपराधभावात शोधले, आणि एडमंड बर्गलर यांनी १९५७ च्या ग्रंथात जुगाऱ्याला नकळत हरायचेच असते असे प्रतिपादन केले. हे मनोविश्लेषणात्मक मत वाचायला रोचक असले तरी उपचारात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. वर्तनवादी मानसशास्त्राने अधिक साधे उत्तर दिले : बी. एफ. स्किनर यांनी दाखवल्याप्रमाणे बक्षीस दर वेळी न मिळता अनिश्चित अंतराने मिळत राहिले तर ती कृती सर्वांत चिवट होते, आणि जुगाराची रचना नेमकी अशीच असते. मेंदूविज्ञानाने पुढे यात भर घातली. डोपामीन हे मेंदूतील रसायन बक्षिसाइतकेच बक्षिसाच्या अनपेक्षितपणाला प्रतिसाद देते. आणि थोडक्यात हुकलेला डाव, जो हिशेबात निव्वळ हार असतो, तो मेंदूच्या त्याच भागांना चेतवतो जे जिंकण्याने चेतवले जातात. या दुव्याचा एक पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला : कंपवातावरील काही औषधे, जी डोपामीनचे कार्य करतात, घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये पूर्वी कधी नसलेला जुगाराचा अनावर ओढा निर्माण झाला आणि औषध कमी केल्यावर तो ओसरला. ज्येष्ठ नागरिकाने अचानक जुगार सुरू केल्यास औषधांची चिठ्ठी पाहावी, हा सल्ला म्हणूनच या ग्रंथात आवर्जून दिलेला आहे.

निदानाची वाट रॉबर्ट कस्टर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने मोकळी केली. त्यांनी १९७२ मध्ये ओहायोतील माजी सैनिकांच्या रुग्णालयात जुगाऱ्यांसाठी स्वतंत्र उपचार सुरू केले आणि जिंकण्याचा, हरण्याचा व हताशेचा असे आजाराचे तीन टप्पे वर्णिले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या आजाराला प्रथम स्थान मिळाले, पण चोरीच्या अनावर इच्छेसारख्या आवेगविकारांच्या शेजारी. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो दारू आणि अफू यांच्या व्यसनांच्या प्रकरणात हलवला गेला. कोणताही पदार्थ शरीरात न जाता व्यसन जडू शकते, याची ती अधिकृत कबुली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही जुगार विकृती व्यसनाधीन वर्तनांत मोडते, आणि ती प्रामुख्याने ऑनलाइन आहे की प्रत्यक्ष, याची वेगळी नोंद करता येते. आलेक्स ब्लाझिन्स्की आणि लिया नावर यांनी २००२ मध्ये मांडलेला मार्गविचार या ग्रंथाला सर्वांत जवळचा आहे : काही जण केवळ सवयीच्या आणि चुकीच्या समजुतींच्या रेट्याने अडकतात, काही जण आधीच्या नैराश्यातून किंवा आघातातून सुटका शोधत येतात, आणि काहींचा स्वभावच मुळात आवेगी असतो; तिघांचे वर्तन बाहेरून सारखे दिसले तरी उपचार एकसारखा असून चालत नाही.

आजार ओळखण्याच्या प्रश्नाला ग्रंथात सर्वाधिक जागा दिली आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीतील ९ निकषांपैकी १२ महिन्यांच्या काळात किमान ४ लागू पडले तर निदान होते. तीच उत्तेजना मिळण्यासाठी रक्कम वाढवत नेणे, खेळ कमी करताना अस्वस्थ व चिडचिडे होणे, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, मन सतत खेळातच गुंतलेले असणे, उदास किंवा बेचैन असताना खेळाकडे वळणे, हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा जाणे, खेळाविषयी खोटे बोलणे, नाते, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात आणणे, आणि आर्थिक कोंडीतून सुटण्यासाठी इतरांवर विसंबणे, हे ते निकष. यांत किती पैसे गेले हा निकष कोठेही नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. रोजंदारीवरील मजूर दिवसाची मिळकत गमावून आजारी असू शकतो आणि लाखो हरणारा धनिक आजारी नसू शकतो. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, ज्याला हेन्री लेसिअर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात पाठलाग म्हटले, हे त्यांतील सर्वांत सूचक लक्षण; दारूच्या किंवा तंबाखूच्या व्यसनात त्याला जोड नाही, कारण दारुड्याला दारू पिऊन यकृत परत मिळेल असे कधी वाटत नाही. १९९७ मध्ये तयार झालेली एक चाचणी तर दोनच प्रश्न विचारते : अधिकाधिक रक्कम लावण्याची गरज कधी वाटली का, आणि किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का. गावातील दवाखान्यात, रक्तदाब मोजताना विचारता येतील असे हे प्रश्न आहेत. उन्मादाच्या झटक्यात केलेला बेछूट जुगार मात्र या निदानातून वगळावा लागतो, कारण तेथे मूळ आजार दुसरा असतो.

बरे होण्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीची आहेत. मनात आणले तर माणूस उद्या सोडेल हे एक, आणि जुगारी कधी सुधारत नाही हे दुसरे. अमेरिकेतील दोन राष्ट्रीय पाहण्यांच्या आधारे वेंडी स्लट्स्की यांनी २००६ मध्ये दाखवले की कधीकाळी हा आजार असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक पुढे त्यातून बाहेर पडले होते आणि त्यांतील बहुतेकांनी औपचारिक उपचार घेतलेले नव्हते. उपचारांपैकी सर्वाधिक पुरावा आहे तो बोधात्मक वर्तनोपचाराला, म्हणजे डावांविषयीच्या चुकीच्या समजुती तपासणे आणि ओढा निर्माण करणारे प्रसंग आधीच ओळखून टाळणे यांना. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे काहींना साहाय्यक ठरतात, परंतु केवळ या आजारासाठी मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या ‘गॅम्ब्लर्स अॅनॉनिमस’ या परस्परसाह्य गटाने दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा मार्ग जुगाराला लावला. महाराष्ट्रात १९८६ पासून पुण्यात चालणाऱ्या मुक्तांगणासारख्या केंद्रांमुळे व्यसनी माणसाला शिक्षा न देता आधार द्यावा ही कल्पना रुजलेली आहे. जुगारासाठी तिचा विस्तार करणे नव्याने सुरुवात करण्याइतके अवघड नाही.

घरच्यांनी काय करावे, या भागात ग्रंथकाराची लेखणी सर्वांत धीट आहे. वडिलांनी शेताचा तुकडा विकून, बायकोने स्त्रीधन मोडून, मेव्हण्याने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन देणी फेडण्याची जी रीत आपल्याकडे कर्तव्य मानली जाते, तिला येथे विरोध आहे. त्याऐवजी सर्व देण्यांची एकत्रित लेखी यादी, पगाराच्या खात्यावर दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचे नियंत्रण, मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या मर्यादेत कपात, आणि संथ हप्त्यांनी परतफेड असा मार्ग सुचवला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार शून्य ठरतो आणि पैजेत जिंकल्याचा दावा करून न्यायालयातून रक्कम वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई प्रांताला लागू झालेल्या १८६५ च्या कायद्याने तर अशा पैजेला पूरक असलेले करारही शून्य ठरवले. बुकीच्या धमकीखाली वावरणाऱ्या कुटुंबांना ही माहिती क्वचितच असते. बँकेचे किंवा ॲपवरून घेतलेले साधे कर्ज मात्र या आधारे बुडत नाही. आत्महत्येचा विचार या आजारात, विशेषतः कर्ज उघडकीस येण्याच्या दिवसांत, वाढतो; म्हणून कर्जाची चौकशी करण्याआधी माणसाच्या जिवाची चौकशी करावी, आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक हाताशी ठेवावा, असे ग्रंथात एकाहून अधिक ठिकाणी म्हटले आहे.

हा ग्रंथ आजच हवा होता याचे कारण खेळाचा बदललेला वेग. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटत असे आणि दोन आकड्यांच्या मध्ये काही तास हात रिकामे असत. फोनवरील खेळात फेरी काही सेकंदांत संपते, क्रिकेटच्या सट्ट्यात एकेका चेंडूवर पैज लागते, आणि अड्ड्यावर जाताना ओळखीचे कोणी पाहील ही भीती उरत नाही. नताशा डो शूल यांनी लास व्हेगासमधील यंत्रांचा अभ्यास करून २०१२ मध्ये लिहिले की अनेक जण शेवटी जिंकण्यासाठी खेळतच नाहीत, खेळात हरवून राहण्यासाठी खेळतात, आणि यंत्रे त्या हेतूनेच घडवलेली असतात. व्यक्तीच्या दुबळेपणाऐवजी खेळाच्या घडणीकडे बोट दाखवणारा हा सार्वजनिक आरोग्याचा विचार आता बळावला आहे. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवून पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले, खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आणि खेळणाऱ्याला शिक्षेबाहेर ठेवले. हा शेवटचा निर्णय या ग्रंथाच्या भूमिकेशी जुळणारा आहे. मात्र बंदीने खेळाची दुकाने बंद होतात, ओढा बंद होत नाही. दारूबंदीचा इतिहास असलेल्या जिल्ह्यांना हे सांगावे लागू नये.

प्रस्तुत ग्रंथ कुटुंबातील माणसे, सर्वसाधारण डॉक्टर, समुपदेशक, बँकेतील अधिकारी आणि स्वतः खेळणारी व्यक्ती यांना समोर ठेवून लिहिला आहे. जुगारावर बंदी असावी की कर असावा, याचा निवाडा त्याने केलेला नाही, आणि पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या मोबाइल खेळांच्या अतिरेकाचा निराळा विषयही बाजूला ठेवला आहे. स्त्रियांमधील जुगाराला त्यात एक स्वतंत्र विभाग असला तरी तो आणखी मोठा हवा होता. उपचाराच्या उदाहरणांत कोणीही एका फटक्यात बरे होत नाही : वर्षभर निकष लागू न पडल्यासच स्थिर सुटका मानली जाते, त्या वर्षात पुन्हा खेळल्याच्या घटना घडतात, आणि अशा प्रत्येक घटनेनंतर खाते कोणाकडे होते, पैसे कोठून आले, खेळण्याआधीच्या दोन तासांत काय घडले, एवढेच तीन प्रश्न विचारून नोंदवहीत पुढची तारीख घालावी, अशी पद्धत ग्रंथाने सांगितली आहे.